नुसतं वाकलं तरी पळतं

साठी ओलांडेपर्यंत कुत्र्यांविषयी मला एकच विद्या येत होती. अंगावर आलं तर पळायचं नाही, खाली वाकायचं. हातात दगड असायलाच हवा असं नाही. नुसतं वाकलं तरी पळतं. ही युक्ती मला लहानपणी चुलत्यांनी शिकवली, मी ती माझ्या मुलांना शिकवली आणि नातू सुट्टीला गावी आला तेव्हा त्यालाही शिकवली. तो अंगणात वाकायचा, रस्त्यावरचं कुत्रं शेपूट घालून धूम ठोकायचं, तो टाळ्या पिटायचा आणि मला बरं वाटायचं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही. का, ते सांगायचं आहे.

आधी एक सांगतो, माझी भीती पोकळ नव्हती. आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, सासवड आणि जेजुरीच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून आत. १९७० च्या दशकात दवाखाना म्हणजे सासवड, आणि सासवडला जायचं तर एसटीची वाट बघत फाट्यावर बसायचं. माझ्या एका चुलत भावाला कुत्र्याचं पिल्लू चावलं. चावलं म्हणजे पोटरीला दात लागले, रक्त थोडंच आलं. घरच्यांनी जखमेवर चुना आणि मिरचीपूड दाबली, वर चिंधी बांधली. शेजारच्या गावात कुत्रं चावलेलं ‘उतरवणारा’ एक माणूस होता, त्याच्याकडं नेऊन आणलं. जखम भरली. आम्ही पुन्हा विटीदांडू खेळायला लागलो.

बऱ्याच दिवसांनी त्याला ताप आला. भरलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येतात म्हणाला. मग घास गिळेना. त्याला तहान लागायची, तो स्वतःच पाणी मागायचा, चुलती तांब्या पुढं करायची आणि तांब्या तोंडाजवळ येताच त्याचा गळा असा काही आवळून यायचा की तो दोन्ही हातांनी तांब्या ढकलून द्यायचा. आणि पुन्हा पाणी मागायचा. दार उघडल्यावर वाऱ्याची झुळूक आली तरी अंग ताठ व्हायचं. मधेमधे तो पूर्ण शुद्धीवर असायचा, आम्हाला नावानं ओळखायचा. आम्हा पोरांना दुसऱ्या घरी हलवलं, पण भिंत एकच होती. तो गेला तेव्हा आठवी-नववीत असेल.

त्यानंतर त्याच्या ताटात जेवलेल्या आम्हा सगळ्या पोरांना सासवडला नेऊन सुया टोचल्या. पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक, अशा १४. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी तयार केली होती, आणि आपल्या देशात ती २००४ सालापर्यंत वापरात होती. माझ्या पिढीतल्या कुणालाही ‘कुत्रं चावलं’ म्हटलं की ‘चौदा इंजेक्शनं’ एवढंच आठवतं, ते तेव्हापासून. मला ते टेबल आठवतं. सदरा वर करून उताणं पडायचं. नर्सबाई मायाळू होत्या, बोलत राहायच्या, पण माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर कधी नसायची. ती त्यांच्या हातावर असायची.

एवढं ज्यानं पाहिलं त्याला कुत्र्याची भीती वाटली तर त्यात नवल नाही. पण या भीतीचं पुढं मी जे केलं, त्याला भीती म्हणता येत नाही. नोकरीत पुण्याला असताना रात्री स्कूटरच्या डिकीत दगड ठेवायचो. बसलेल्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या कुत्र्यालाही जाता जाता एक भिरकवायचो, पुढच्या वेळी वाटेत येऊ नये म्हणून. मुलांनी एकदा पिल्लू घरी आणलं, ते मी त्याच संध्याकाळी पिशवीत घालून लांब सोडून आलो. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिला मी चुलत भावाची गोष्ट सांगितली. ती खरी होती, म्हणून माझं बरोबर ठरलं. खऱ्या दुःखाचा असा वापर करणं फार सोपं असतं, आणि मी तो आयुष्यभर केला.

पट्टा बांधून कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसांबद्दल तर माझ्या मनात अढीच होती. गावात ज्या लेकरांना सकाळी दूध मिळत नाही त्यांची मला एरवी आठवण होत नसे. पट्टेवाला दिसला की मात्र हटकून व्हायची.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा गल्लीत कुत्री बरीच होती. मी ग्रामसभेत विषय काढला. बोलता येतं, कागद लिहिता येतो, बँकेतला माणूस म्हणून चार लोक ऐकतात. वर्गणी निघाली, टेम्पो ठरला, आणि एका रात्री जेवढी सापडली तेवढी कुत्री पोत्यांत घालून लांबच्या घाटात सोडून दिली. वर्गणीत सगळ्यात मोठी रक्कम माझी होती. घाटात ती जगली की मेली, की गाड्यांखाली आली, याची चौकशी मी केली नाही. कुणीच केली नाही. काही महिन्यांत गावात दुसरी कुत्री आली. उकिरडा तिथंच होता, कोंबडीच्या दुकानामागची आतडी तिथंच होती, जागा मोकळी झाली होती. आधीची निदान ओळखीची होती. कोणतं डसतं, कोणतं नुसतं गुरकावतं हे पोरांना ठाऊक होतं. नवी कुणाचीच नव्हती.

त्या नव्यांत एक काळं पिल्लू होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते माझ्या फाटकापाशी बसायचं. मी त्याला रोज हाकलायचो. कशानं, ते सांगायला नको.

पुढं त्याला मोटरसायकलनं उडवलं. मागचा पाय मोडला. आमच्या वहिनींनी त्याला गोठ्यात आणून ठेवलं, पुतण्यानं गाडीवर घालून सासवडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. वहिनींनी त्याचं नाव चांद्या ठेवलं. मी वहिनींच्या अंगणात जायचं सोडून दिलं. घरं शेजारी शेजारी, पण मी मागच्या दारानं बोलायचो.

प्लास्टर निघालं आणि नेमकी तेव्हाच पुतण्याला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. वहिनी एक दिवस म्हणाल्या, “भावजी, सकाळचं जरा चांद्याला हिंडवून आणाल का? डॉक्टर म्हणलेत दोरीवरच चालवायचा. मोकळा सोडला तर धावंल आन् परत पाय मोडून घेईल. माझं गुडघं तर तुम्हाला ठावंच हायेत.”

आईच्या शेवटच्या दुखण्यात मी पुण्याला होतो. महिन्याला पैसे पाठवायचो, रविवारी येऊन तासभर बसायचो. आईचं हगणंमुतणं वहिनींनी काढलं, आणि त्याबद्दल त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी हो म्हणालो. कुत्र्यासाठी म्हणालो नाही.

पहिले काही दिवस एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी, असा मी चालायचो. दोरी लांबलचक घेतली होती. चांद्या लंगडत पुढं, मी मागं, आणि त्यानं मान वळवली की माझी काठी आपोआप वर यायची. लोकांनी बघू नये म्हणून तांबडं फुटायच्या आत निघायचो.

त्या वेळेला गाव जागं असतं, फक्त बोलत नसतं. गल्लीत बंब पेटलेले असतात, गोवऱ्यांचा आणि ओल्या लाकडाचा धूर खालीच तरंगतो. बाया अंगणात शेणसडा टाकतात. दूध डेअरीपुढं किटल्यांची रांग, आत फॅट काढायच्या यंत्राची घरघर. कार्तिकात मारुतीच्या देवळातून काकड्याचे टाळ ऐकू यायचे. ओढा ओलांडला की अंजिराच्या बागा. अंजीर उन्हं चढायच्या आत काढावं लागतं, म्हणून बॅटऱ्या लावून तोडणी चालते. देठाचा चीक हाताला लागला की खाज सुटते, कातडी सोलवटते, त्यामुळं बाया जुन्या सदऱ्याच्या बाह्या हातात चढवून घेतात. पाटीत खाली अंजिराची पानं, वर फळं, पुन्हा पानं. मी या गावचा, पण ही तोडणी मी अर्ध्या शतकात पाहिली नव्हती. बागेपलीकडं चढ आणि चढावर माळ. तिथून पश्चिमेला पुरंदर आणि वज्रगडाची जोडी दिसते.

चांद्याला मात्र यातलं काही बघायचं नसायचं. तो वास घ्यायचा. साकवाच्या कठड्याचा एक विशिष्ट दगड, डेअरीच्या भिंतीचा कोपरा, बाभळीचं बूड. एका जागी इतका वेळ नाक लावून उभा राहायचा की मी चिडून दोरीला हिसका द्यायचो. रात्रीतून कोण येऊन गेलं, आपल्यातलं की परकं, नर की मादी, कुत्र्याला हे सगळं तिथं मिळतं, ही माहिती मला होती. माहिती असून मी हिसका द्यायचो.

थंडी पडली होती. माळावर कुसळी गवत वाळलं होतं. कुसळं पायमोज्यात घुसून टोचायला लागली म्हणून मी थांबलो, काठी काखेत धरली आणि ती काढायला वाकलो.

दोरी एकदम ताणली गेली आणि लगेच सैल पडली. मी मान वर केली. चांद्या जमिनीला चिकटला होता. पोट टेकलेलं, कान मागं दाबलेले, शेपूट पोटाखाली, मोडलेला पाय विचित्र बाहेर आलेला. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. सबंध अंग थरथरत होतं. त्याच्या खालून मुताची धार निघाली, वाळलेल्या मातीत थोडी पुढं आली आणि जिरली. तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. त्याची नजर माझ्या उजव्या हातावर होती, पायमोज्यापाशी असलेल्या, ज्यात एक कुसळ होतं.

मी आयुष्यात किती कुत्र्यांपुढं वाकलो असेन. प्रत्येक वेळी कुत्रं पळालं, म्हणजे प्रत्येक वेळी मला दिसली ती पाठ. वाकणाऱ्या माणसापुढं कुत्र्याचं तोंड कसं होतं, हे मी तोवर पाहिलेलंच नव्हतं. याला पळता आलं नाही, कारण दोरी माझ्या हातात होती. म्हणून मला ते समोरून बघावं लागलं.

मला उभं राहता येईना. उभा राहिलो तर तो काय समजेल? वाकून राहिलो तरी तो थरथरतोय. मी तसाच हळूच खाली बसलो, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. बराच वेळ आम्ही तसे बसून होतो. तो थरथरायचा थांबला, पण उठला नाही. एकदा त्यानं तोंड फिरवून जांभई दिली. मला वाटलं, आता सैलावला. पुढं कळलं की घाबरलेलं कुत्रंही जांभई देतं, ओठ चाटतं, नजर चुकवतं, म्हणजे ‘मला तुझ्याशी भांडायचं नाही’ असं सांगत असतं. त्या सकाळी तो मला ते सांगत होता, आणि मला ते वाचता येत नव्हतं.

सासवडचं टेबल मला तिथं आठवलं. नर्सबाईंचा हात. मी भीतीनं अंग चोरून पडलेला पोरगा होतो, म्हणून माझ्यावर दया करावी, असं मी जन्मभर जगाला सांगत आलो होतो. इथं माझ्यापुढं दुसरं कुणी तसंच पडलं होतं आणि हात माझा होता. या कुत्र्यानं मला कधी काही केलं नव्हतं. माझ्या भावाला ज्यानं मारलं ते पिल्लू मरून पन्नास वर्षं झाली होती. त्याचा सूड मी हजारो कुत्र्यांवर उगवला आणि त्याला सावधगिरी म्हटलं.

घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. वहिनींनी विचारलं, “आज उशीर झाला?” मी म्हणालो, “पायात कुसळं गेली.”

दुसऱ्या दिवसापासून काठी घरी ठेवली. एकदम धीट झालो म्हणून नाही. हात रिकामे दिसावेत एवढ्यासाठी. खिशात भाकरीचे तुकडे घेतले. माळावर गेलो की थोडं लांब उभं राहून हळूच वाकायचं, जमिनीवर तुकडा ठेवायचा, उभं राहायचं, मागं सरायचं. पहिल्यांदा तो तुकड्याकडं आलाच नाही. मग मी पाठ केल्यावर यायला लागला. मग मी बघत असताना. होळीपर्यंत असं झालं की मी वाकलो तर तो नुसता थांबायचा, कान जरासे मागं घ्यायचा आणि वाट बघायचा. माझ्यापुरतं ते जमलं. दुसरं कुणी वाकलं, अगदी अंजिराची पाटी उचलायला बाई वाकली, तरी तो आजही जमिनीला चिकटतो. ते जाणार नाही बहुतेक.

हे लिहिताना मला स्वतःला फार चांगलं ठरवायचं नाही. रात्री अंधारात चार-पाच कुत्री एकदम उठली तर माझ्या पोटात अजून गोळा येतो. पण आता त्या गोळ्याच्या पलीकडचं थोडं दिसतं. शेपूट ताठ उभं धरून टोक हलवणारं कुत्रं वेगळं आणि कंबरेसकट शेपूट हलवणारं वेगळं. भुंकत पुढं येणारं आणि पुन्हा मागं सरणारं कुत्रं बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेलं असतं. ज्वारी निघाल्यावर धनगरांचे कळप रानात बसतात, खतासाठी शेतकरी बसवून घेतात. मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती, म्हणजे वाघरीभोवती, त्यांची कुत्री असतात. पहिल्यांदा ती आमच्यावर धावून आली तेव्हा मेंढका लांबूनच ओरडला, “हुबं ऱ्हावा! हलू नगा!” मी उभा राहिलो. चांद्या माझ्या पायाशी. कुत्री जवळ आली, थांबली, वास घेतला, फिरून गेली. ती आपलं काम करत होती. लांडगा येतो त्या माळावर, आणि लांडग्यासाठीच ती पाळलेली.

लांडग्यावरून एक महत्त्वाचं. चांद्याचा पाय आता बरा आहे, तरी माळावर मी दोरी सोडत नाही. पुणे जिल्ह्यातला हा माळ ओसाड दिसतो, पण त्यावर लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे, चिंकारा आहे, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. मोकाट कुत्री चिंकाऱ्याच्या मागं लागतात, अंडी खातात, डिस्टेंपरसारखे रोग रानात नेतात. पुण्याच्या आसपासच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पुढं आलं. म्हणजे कुत्र्यांची संख्या हा प्रश्न खराच आहे. ग्रामसभेत मी प्रश्न खोटा मांडला नव्हता, उत्तर खोटं दिलं होतं. कुत्री उचलून घाटात टाकली की ती घाटातल्या रानात जातात आणि गावात दुसरी येतात. नसबंदी करून, लस टोचून, त्याच जागी परत सोडायचं, असं नियमात लिहिलेलं आहे, तेही २००१ पासून. मी बँकेत परिपत्रकं वाचून आयुष्य काढलं. हे वाचायची तसदी घेतली नव्हती.

आणि देवघर. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री आहेत, ते चार वेद, असं आजीनं सांगितलं होतं. खंडोबा आमचं कुलदैवत. त्याच्याबरोबर कुत्रं असतं. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं मानतात, कोटंब्यात भिक्षा घेतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी नातवाला सांगितली आहे. ज्या नातवाला वाकायला शिकवलं, त्यालाच. रोज सकाळी त्या तसबिरीला हात जोडून बाहेर पडताना मी कोपऱ्यातली काठी उचलायचो, आणि या दोन गोष्टींमधली विसंगती मला एकदाही टोचली नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दगडांपेक्षाही जास्त.

मागच्या सप्टेंबरात, २८ तारखेला, जागतिक रेबीज दिन असतो त्या दिवशी, आमच्या गावात कुत्र्यांना लस टोचण्याचा कॅम्प झाला. लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. १८८५ साली त्यांनीच पहिल्यांदा कुत्र्यानं चावलेल्या एका पोराला लस देऊन वाचवलं. ग्रामसभेत विषय पुन्हा मीच मांडला. आधीचा ठराव माझा होता, वर्गणी माझी होती, आणि दोन्ही चुकलं, हे आधी बोललो. कुणी हसलं नाही. एक म्हातारे एवढंच म्हणाले, “त्यातलं एक आमच्या खळ्यावर होतं. चांगलं होतं.” मी मान खाली घातली.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की एखाद्या भागातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात तसं करून दाखवलं. वर्षानुवर्षं दारोदार, गल्लोगल्ली, जाळी घेऊन माणसं हिंडली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आमच्या गावातली कुत्री काही हजारांत नाहीत. शाळेतल्या पोरांनी निम्मी तर नावानं बोलावून आणली. न येणाऱ्यांना जाळीत धरलं. लस टोचलेल्याच्या कपाळावर रंगाचा पट्टा.

चांद्याला मी धरलं. सुई बघून तो थरथरला. मी त्याचं तोंड माझ्या छातीशी धरलं म्हणजे त्याला डॉक्टरांचा हात दिसणार नाही. माझ्या भावाच्या वेळी गावात कुणी एखाद्या कुत्र्याला अशी सुई टोचली असती, तर तो आज माझ्याबरोबर माळावर हिंडला असता, हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट कळलं. मी फेकलेल्या एकाही दगडानं गावातलं एकही मूल वाचलेलं नाही.

वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना कुत्र्यांची भीती वाटत असेल. ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण कुत्रं चावलं, नुसता ओरखडा आला, तरी चुना, मिरची, हळद काही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून धुवा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. आता पोटात सुया टोचत नाहीत; दंडात देतात, त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही चुकवू नका. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतही वेगळं औषध भरतात, ते मागून घ्या. एकदा लक्षणं दिसली की मग जवळपास काहीच करता येत नाही. आणि तुमच्या गल्लीत जी कुत्री आहेत त्यांना लस टोचली आहे का, हे जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारा. नसेल तर सरपंचांकडं अर्ज द्या. अर्ज लिहायला माणूस लागत असेल तर आमच्या भागात मी आहे.